काकांची घाई

आमच्या गारखेड्यात माणसाला सुखानं मरायचीसुद्धा सोय नाही, आणि त्याला कारण एकटे काका. काका म्हणजे माझ्या वडिलांचे जन्माचे दोस्त, दोन गल्ल्या सोडून राहणारे. कुणाच्या घरातून रडण्याचा आवाज आला, की सख्खे नातेवाईक चपला शोधत असतात तोवर काका उंबऱ्यात हजर. डॉक्टरनं मृत्यूचं लिहून दिलं का, गेलेल्याचा फोन कुणाकडं आहे, त्याला चार्जिंग आहे का? जीव असा घाबराघुबरा झालेला, की घरच्यांनी आधी त्यांनाच पाणी द्यावं. शेजारचे अण्णा गेले तेव्हा त्यांची बायको हंबरडा फोडत होती. काकांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "वहिनी, आधार कार्ड कुठं हाय?" ती थांबली. "कपाटात, वरच्या फळीवर, गुलाबी साडीखाली," म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

आजारी माणसं तर त्यांना टरकूनच असतात. मला साधा ताप आला होता आणि काका बघायला आले, तर मी अंथरुणातून उठून कांदे चिरायला बसले. उगीच त्यांच्या मनात काही यायला नको. त्यांचे नियम ठरलेले. गेलेल्या माणसाचा फोन बंद करायचा नाही, बँकेचे मेसेज त्याच्यावरच येतात. एटीएम कार्डाला कुणी हात लावायचा नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती भरपूर काढायच्या. "दाखला कमी पडला की माणूस अर्धाच मेलेला ऱ्हातो," असं ते गंभीरपणे सांगतात. आणि एकदा का त्या घरचं शेवटचं काम उरकलं, की काका तिकडं फिरकत नाहीत. चहाला बोलावलं तरी म्हणतात, "आता तिथं माझं काय काम?"

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील गेले, दुपारी झोपेतच. काका आले, दोस्ताकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "याचा फोन कुठं हाय?" माझं डोकंच फिरलं. "काका, तुमचा दोस्त गेलाय," मी म्हणाले. "म्हाईत हाय मला," म्हणाले आणि चार्जर शोधायला लागले. दहाव्याला पैठणच्या घाटावर सगळे कावळ्याची वाट बघत होते आणि काका मला विचारत होते, वॉर्ड ऑफिसात मृत्यूची नोंद झाली का.

पण खरी काळजी आईची होती. तिनं बोलणंच सोडलं. ताट पुढं केलं की सरकवून ठेवायची आणि भिंतीकडं बघत बसायची. हातातल्या बांगड्या ढिल्या व्हायला लागल्या. हीसुद्धा वडिलांच्या मागं जाते की काय, या धास्तीनं माझी झोप उडाली. समजूत घालणारे लई आले, तिनं कुणाला दाद दिली नाही. काकांना मुळात समजूत घालायचं अंगच नाही. ते समोर बसून सरळ विचारायचे, "वहिनी, गॅस कुणाच्या नावावर हाय?"

"यांच्या."

"एजन्सी कोणती?"

"ती नाही का, गुलमंडीजवळची. तिथल्या माणसाशी भांडले होते हे, सिलिंडर गळका दिला म्हणून." मग त्या भांडणाची सगळी हकिकत यायची आणि बोलता बोलता काकांच्या सोबतीनं आईच्या पोटात अर्धी भाकरी जायची. दुसऱ्या दिवशी लाइटचं मीटर, मग पेन्शन, मग बँक.

एकेक काम उरकत गेलं तशी माझी धाकधूक वाढली. काम संपलं की काका येणार नाहीत, आणि काका आले नाहीत तर आई परत भिंतीकडं तोंड करणार. शेवटी वडिलांची स्कूटर तेवढी नावावर करायची राहिली. ते काम मी मुद्दाम रखडवलं. काकांनी विचारलं तर आरटीओत लई गर्दी होती, अशी थापसुद्धा ठरवून ठेवली.

त्या संध्याकाळी काका जेवून निघाले. फाटकापाशी स्कूटरवर धूळ बसली होती, ती त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं पुसली. दोस्ताच्या पाठीवरून फिरवावा तसा सीटवरून हात फिरवला. मी थाप मारायच्या तयारीत होते.

"हिचं एवढ्यात काय करू नको," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "घाई कशाची हाय? उद्या येतो मी. वहिनींना विचारायचं ऱ्हायलंय जरा."

काय विचारायचं राहिलं होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. स्कूटर अजून वडिलांच्याच नावावर आहे. काका रोज येतात.