आईची अट

सगळ्या अटी एकदम पाळता येतात का, हे शोधणारे प्रोग्राम मी अमरावतीत कॉलेजात शिकवते.

आज अकोल्यात आम्ही तिघं भावंडं आईपाशी बसलो. मी लॅपटॉपमध्ये अटी भरल्या. आईनं एकटं राहायचं नाही. आम्ही कोणी आपलं नोकरीचं गाव सोडणार नाही. आई अकोल्याचं जुनं शहर सोडणार नाही.

उत्तर आलं: अशक्य.

मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "मंग माही अट काढून टाक, बाई."

काढली. लगेच उत्तर आलं: आईनं दादाकडे पुण्याला जायचं. दादानं बसल्या जागीच तिचं तिकीट काढलं.

वर्गात मी पोरांना रोज बजावते, अडलं की प्रत्येक अट एकेकदा काढून पाहा.

आमची अट काढून पाहायचं मले कावून सुचलं नाही?