बाबांचा भाजलेला हात

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावताना वात जरा करपली, की तो वास मला केजच्या खोलीत नेऊन बसवतो.

केजात आमचं एकच यहुदी घर. भाड्याची एक खोली, माणसं नऊ, आणि अर्ध्या खोलीत घरमालकाचा कापूस, पार पत्र्यापर्यंत. शब्बाथ हा आमचा विसाव्याचा पवित्र दिवस; एकदा दिवा लागला की शनिवारचा दिवस बुडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही अन् विझवायचाही नाही, असा बाबांचा दंडक.

अशाच एका शुक्रवारी वाऱ्यानं कापसाचा एक पुंजका दिव्यावर आला, पेटला आणि ढिगाच्या कडेला पडला. सोळा वर्षांचा मी अगदी जवळ होतो, पण हात उचलेना. बाबा प्रार्थना तोडून झेपावले आणि जळता पुंजका मुठीत आवळला. मूठ उघडली तेव्हा तळवा सोलला होता.

आई कोरफड घेऊन आली. "लई भाजलंय वो, लावू द्या."

"उद्या दिवस बुडू दे, मग लाव. शब्बाथला औषध न्हाई."

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ते हातावर फुंकर घालत राहिले. मला त्यांचा रागच आला. एकदा नियम मोडलाच होता, मग पुन्हा मोडायला काय झालं?

आता माझी लेकरं दिव्याभोवती बसली की तो राग आठवतो आणि मान खाली जाते. पहिल्यांदा त्यांनी नियम आमच्यासाठी मोडला होता. दुसऱ्यांदा नुसता स्वतःसाठी मोडावा लागला असता.