वास घेण्याचे काम

यार्डातले श्वास तपासायचे यंत्र बंद पडले, म्हणून माझे नाक वापरायचे ठरले.

संध्याकाळची हजेरी चालू होती. कोल्हापूरजवळ उचगावच्या बाजूला, महामार्गालगत आमच्या ट्रान्सपोर्टचे यार्ड. रांगेने उभे ट्रक, आणि ट्रकांपुढे रांगेने उभे आम्ही चालक. समोर खुर्चीत मालकांचे पुतणे, संग्रामदादा. त्यांनी यंत्र दोनदा हलवून पाहिले, हातावर आपटले आणि वॉचमनकडे दिले. म्हणाले, "हातानंच उरकून टाक. वास घे एकेकाचा."

वॉचमन मागे सरला. "न्हाय जमायचं दादा. ह्यांच्या तोंडाला तोंड लावू व्हय? माळ हाय माझ्या गळ्यात."

दादांची नजर रांगेवरून फिरत आली आणि माझ्यापाशी थांबली. माझे आडनाव त्यांना ठाऊक होते. माझे शिक्षणही ठाऊक होते. त्या दिवशी दोन्ही एकाच वेळी उपयोगी पडले.

"सर, तुम्ही या की पुढं. तुम्ही पीत न्हाय. शिकलेला माणूस, खोटं बोलायचा न्हाईसा. इतकी वर्षं पेपर तपासलं, आता ही तपासा. पास का नापास, एवढंच सांगायचं."

रांग हसली. मीही हसलो. मग पुढे गेलो. पहिल्या माणसाने डोळे मिटले आणि तोंड उघडले.

मी मराठीचा एम.ए. तासिका तत्त्वावर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असे. वडील मार्केट यार्डात हमाल होते; मुलगा खडू धरतो याचे त्यांना इतके अप्रूप होते की माझ्या नेमणुकीला 'तात्पुरती' हा शब्द जोडलेला आहे, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितले नाही. मला मोठ्याने बोलता येत नाही. मागच्या बाकांवरची मुले तक्रार करत. पुढे मुलेच कमी झाली, तासिका गेल्या, आणि चाळिशी उलटल्यावर मी जड वाहनाचा परवाना काढला. या वयात कोणी नवे काही शिकवत नाही. मला महादूआण्णांनी शिकवले.

आण्णा गडमुडशिंगीचे. केस पांढरे, मान आखूड, हात स्टिअरिंगएवढे रुंद. याच मालकांकडे त्यांची सारी उमर गेली. पहिल्या दिवशी मी गिअरच्या दांड्याकडे नुसता पाहत बसलो, तेव्हा ते म्हणाले, "सर, गाडीला मराठी येत न्हाय. गिअर घाला." त्यांनी मला एकदाही अरेतुरे केले नाही. चुकलो तरी 'सर, चुकलासा' असेच म्हणत. फौंड्रीतले कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, भरून आम्ही पुण्याला, कधी पार तमिळनाडूत होसूरपर्यंत जात असू. परत आलो की यार्डात, पुढच्या मालाची वाट पाहत.

यार्डाच्या फाटकावर पाटी आहे. 'वाहनात मद्यप्राशन करणे अथवा मद्य बाळगणे यास सक्त मनाई. चालक कर्तव्यावर असो वा नसो.'

रस्त्यावरच्या नियमाशी माझे भांडण नाही. दारू काय करते ते मी घाटात, उलटलेल्या केबिनमध्ये पाहिले आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. मी अडखळलो ते 'वा नसो' या दोन शब्दांपाशी. यार्डात गाडी लावली की किल्ली ऑफिसात जमा होते. माल नसेल त्या दिवसांचा भत्ता मिळत नाही, कारण तेव्हा आम्ही कामावर नसतो. पण फाटकाबाहेर जाता येत नाही, कारण माल कधीही येऊ शकतो. भत्त्याच्या वेळी आम्ही कामावर नसतो आणि घरी जायच्या वेळी असतो. 'विश्रांतीगृह' अशी पाटी असलेल्या खोलीत जुने टायर रचलेले आहेत. मग माणूस केबिनमध्ये राहतो. तिथेच दोरीवर त्याची चड्डी-बनियन, तिथेच स्टोव्ह, तिथेच देवाचा फोटो. ते त्याचे घर. पाटीच्या भाषेत ते वाहन.

वरच्या मजल्यावर दादांच्या ऑफिसात पाहुण्यांसाठी एक फ्रिज होता. ते वाहन नव्हते.

यंत्र दुरुस्तीला गेले ते परत आले नाही. माझे काम मात्र, यार्डात असेन तेव्हा, रोजचे झाले. संध्याकाळी हजेरी संपली की मी रांगेपुढून चालायचे. 'हा करा' म्हणायचे. वाकायचे. आत ओढायचे.

माणसाच्या तोंडात काय काय असते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. तंबाखू, मावा, कच्चा कांदा. किडलेली दाढ. रिकाम्या पोटाचा एक आंबूस वास असतो. तो ज्यांच्या तोंडाला येई, ते 'आत्ताच जेवलो की' असे न विचारता सांगत. एकाच्या तोंडाला गोड, सडक्या फळासारखा वास येई. त्याला साखरेचा आजार होता आणि तो त्याने कोणालाही कळू दिला नव्हता, कारण आजारी चालकाला गाडी मिळत नाही. तो माझ्यापुढे तोंड उघडून डोळ्यांनी विनवी. मी 'पास' म्हणे. बापाच्या वयाची माणसे, पोरेबाळे असलेली माणसे, माझ्यापुढे आ करून उभी. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकत नसे. ते तर डोळेच मिटून घेत.

मग त्यांनी मला नाव दिले. मशीन.

"च्या दिऊ काय मशीनला? का डिझेल लागतंय?" दस्तगीर म्हणाला. दस्तगीर कोल्हापुरातलाच, यार्डातला सर्वांत मिश्कील माणूस. आधी त्याच्या डब्यातला अर्धा खिमा माझ्या ताटात पडायचा. आता मी जवळ गेलो की तो तोंडावर हात धरी. "लांबनं बोल बाबा. सुटी हाय माझी. तोंडाला बी."

सगळे हसत. त्यात विखार नव्हता, असे मी स्वतःला सांगत असे. पण पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी राहू लागली. रजेला घरी आलो तरी वास जात नसे. मुलगी गळ्यात पडून बोलू लागली की मी नकळत श्वास रोखून धरी. बायकोने एकदा विचारले, "तिला असं ढकललंत का?" मी उठून नाक धुवायला गेलो. एक नोकरी गेलेला माणूस दुसरी नोकरी सोडत नाही. तो वाकतो आणि आत ओढतो.

मग तो दिवस आला.

आण्णांच्या मुलीला पहिली मुलगी झाली होती. बारसे आण्णांच्या घरी, गडमुडशिंगीत. यार्डापासून गाव इतके जवळ की सकाळच्या शांततेत तिकडचा भोंगा ऐकू येई. आण्णांची गाडी मालाविना उभी होती. किल्ली जमा. त्यांनी दादांना विचारले, "तासाभरानं माघारी येतो, दादा. नातीचं नाव ठेवायचं हाय."

दादा फोनवर होते. फोन बाजूला न करताच म्हणाले, "आणि माल आला तर? गाडी काय नात चालीवती?"

आण्णा परत फिरले. दुपारी त्यांचा जावई फाटकाशी डबा घेऊन आला. पोळी, बटाट्याची भाजी, घुगऱ्या. वॉचमनने त्याला आत सोडले नाही. डबा गजांतून आत आला. आण्णांनी गजांतूनच विचारले, "काय ठिवलं नाव?" जावयाने सांगितले. आण्णांनी ते दोनदा उच्चारून पाहिले. डब्यातल्या घुगऱ्या त्यांनी यार्डभर वाटल्या. मलाही दिल्या. मग केबिनमध्ये चढले आणि पडदा ओढून घेतला.

नेमके त्या संध्याकाळी कास्टिंग घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसे यार्ड पाहायला आली. पांढरी हेल्मेट, गळ्यात ओळखपत्रे. त्यांच्याकडे कंत्राट वाढवून मागायचे होते. त्यांनी विचारले, चालकांची तपासणी कशी करता? दादांनी मला पुढे बोलावले आणि खांद्यावर हात ठेवला. त्याआधी त्यांनी मला कधी शिवलेले मला आठवत नाही.

"हे आमचे सर. एम.ए. आहेत. यांचं नाक मशीनपेक्षा पक्कं. बॅटरी लागत नाही, काही नाही."

पाहुणे हसले. एकाने मोबाईल वर धरला. "दाखवा ना एकदा करून."

दादांनी जवळच्या केबिनवर थाप मारली. पडदा सरला. आण्णा खाली उतरले. उतरताना त्यांनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि मला कळले. वास घ्यायची गरजच नव्हती. आण्णांनाही कळले की मला कळले आहे. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आणि त्यांनी डोळे मिटले. मला गाडी शिकवणाऱ्या माणसाने, मोबाईलसमोर, डोळे मिटले आणि तोंड उघडायला सुरुवात केली.

मी म्हणालो, "मी वास घेणार नाही."

"काय?" दादा म्हणाले. "मोठ्यानं बोला सर."

"वास घेणार नाही. यांचाही नाही, उद्यापासून कोणाचाच नाही. तोंड मिटा आण्णा."

माझा आवाज तेवढाच होता, वर्गात असे तेवढाच. पण यार्डात इतकी शांतता होती की तो टायरच्या खोलीपर्यंत गेला. दादांचा हात खांद्यावरून निघाला. पाहुण्याने मोबाईल खाली घेतला. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लायकी दाखवलीस." इतके दिवस मी 'सर' होतो. एका नकारात 'तू' झालो.

मला वाटले, मी आण्णांना वाचवले. तसे झाले नाही. आण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि सरळ पाहुण्यांना सांगितले, "प्यालोय की. घरात नातीचं बारसं हाय. मला सोडला न्हाईसा. किल्ली तुमच्या हापिसात, भत्ता बंद, गाडी उभी. ह्या सरांस्नी काय बी बोलू नकासा."

त्याच संध्याकाळी दोघांनाही फाटकाबाहेर काढले. वॉचमनने आण्णांचे अंथरूण केबिनमधून खाली टाकले. देवाचा फोटो त्यांनी स्वतः आणला, शर्टाच्या आत धरून.

त्यानंतरचे दिवस मला नीट मांडता येत नाहीत. शाहूपुरीत मी एकेका ट्रान्सपोर्टच्या दारात उभा राहिलो. एकाने परवाना हातातही घेतला नाही. "तुमी त्ये नाकवालं न्हवं? नगं बाबा. आमचं ड्रायव्हर पळून जात्यात." दुसऱ्याला दादांचा फोन आधीच आला होता. बायको शेजारणींचे ब्लाउज शिवत होती; मशीन रात्री थांबले की मी झोपल्याचे नाटक करी. दोनदा मी मालकांच्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत गेलो. माफीचे शब्दही जुळवले होते. शब्द जुळवणे मला येते. दोनदा पायरीवरून परत फिरलो. त्याला धैर्य म्हणू नये. पाय उचलत नव्हता, इतकेच.

आण्णांनी कामगार कार्यालयात तक्रार केली. सारी उमर ज्यांच्याकडे घातली, त्यांनी एका संध्याकाळीत हात झटकले होते. ग्रॅच्युइटीचे नावही काढायला तयार नव्हते. कंपनीचे म्हणणे पुढे आले. महादू दारूच्या अमलाखाली गाडी सुरू करून बाहेर काढत होता, म्हणून त्याला कमी केले. कायदा गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू पाहणाऱ्याला धरतो. उभ्या गाडीत झोपलेल्या माणसाला शिक्षा करायची, तर ती गाडी आधी कागदावर सुरू करावी लागते.

तसे सांगणारा साक्षीदार हवा होता. दस्तगीर निरोप घेऊन माझ्या दारात आला. तोंडावर हात नव्हता. खाली पाहत होता.

"दादांनी सांगितलंय. इंजिन चालू हुतं म्हणायचं. बास. तुमास्नी यार्डात सुपरवायझर घेत्यात. खुर्चीवर." मग तो म्हणाला, "मी नुसता निरोप्या हाय सर. मला बी घर हाय."

"तू काय सांगणार आहेस, दस्तगीर?"

"मी? मी झोपलोतो."

दुसऱ्या दिवशी आण्णांचा जावई आला. त्याला वेगळेच हवे होते. "सर, मामा प्यालंच न्हवतं म्हणा. तुमी वास घेतला न्हाय, मग कुणाला कळतंय?"

मी आण्णांना भेटायला गडमुडशिंगीला गेलो. ते ओसरीवर बसले होते, मांडीवर नात.  बाळाचे डोके त्यांनी दोन्ही तळव्यांत धरले होते. मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "त्यांस्नी काय पायजे त्ये सांगा सर. तुमची पोरगी शिकालीया. माझं झालं की आता."

त्यांनी मला मोकळे केले. त्या क्षणी मला जितके अडकल्यासारखे वाटले, तितके कधीही वाटले नव्हते.

सोमवारी सुनावणी आहे. मी काय सांगणार ते ठरले आहे.

मी सांगणार, महादूआण्णा प्यायले होते. ते नाकारून मी त्यांना वाचवणार नाही; माणसाने उघड कबूल केलेली गोष्ट लपवली, तर ती लाजेची ठरते. आणि मी सांगणार, ते कामावर नव्हते. गाडी बंद होती, किल्ली तुमच्या खिळ्यावर होती, आणि तुम्ही त्यांना घरी जाऊ दिले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एकच ऐकायला जो तयार असेल, त्याला मी दुसरी पुन्हा सांगेन. ते विचारतील, तुम्हाला कसे कळले, तुम्ही वास घेतला होता का. मी म्हणेन, नाही. आण्णांनी सांगितले आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

यानंतर या जिल्ह्यात मला कोणी स्टिअरिंग देणार नाही. मुलीची फी कुठून भरायची, मला माहीत नाही. बायकोला मी हे काल सांगितले. तिने दिवा मालवला आणि बराच वेळ आम्ही दोघेही जागे होतो.

सोमवारी मी जाणार आहे.