उभ्यानं वाजवलेलं व्हायोलिन
व्हायोलिनच्या गजाला राळ घासली की त्या वासासरशी मला राजगडाच्या पायथ्याच्या पालीचं मारुतीचं देऊळ आठवतं. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला निघाले होते आणि मामांनी हट्टानं आधी त्यांच्या या गावाला ऐकवायला नेलं. राजगडावरून गार वारा येत होता. मी विलायती रिवाजाप्रमाणे उभी राहून विलायती सुरावट सुरू केली, तसं मांडी घालून बसलेलं अख्खं गाव ताडकन उठलं. "उभ्यानं वाजवतीया, म्हंजी आरतीच हाय, उठा गं," एक आजी म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला, गज नुसता पळत सुटला. संपल्यावर आजीनं मला निरांजनानं ओवाळलं. स्पर्धेत नंबर आला नाही. पण आजही मी वाजवू लागले आणि लोक बसूनच राहिले, की चुकल्याचुकल्यासारखं होतं.