जामहून आणलेली ऐरण

एकटीने एस.टी.त बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. माहेर जवळच, तेही बैलबंडीने जायचे. कंडक्टरने कुठे जायचे ते विचारले तर आवाजच निघेना. त्याने पुन्हा विचारल्यावर कसेबसे "जाम" म्हणाले. गाडी वर्ध्याला बदलावी लागेल, असे त्याने सांगितले.

जाणे भागच होते. आमची ऐरण मधोमध तडकली होती. त्यातच घण पडून यांचे पाऊल सुजले होते. पेरणीआधी गावातले शेतकरी वखराच्या पासा (पाती) ठोकून धार लावायला आणतात. त्यावरच आम्हाला वर्षाची ज्वारी मिळते. ऐरण नसती तर सगळे देवळीच्या लोहाराकडे गेले असते. नवी घेण्याची ऐपत नव्हती. जामजवळ एक लोहार वारला, त्याची बायको सामान विकते, असे यांना बाजारात कळले. हे म्हणाले, "घण तूच मारतं ना? मंग ऐरण तुलेही कळते. जाऊन ये."

पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उपटून झाल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी उघडी शेते आणि वर ऊन. जामला उतरले तर नुसते ट्रक, ढाबे आणि टायरची दुकाने. ट्रकवाल्यांच्या गर्दीत चहा मागायची हिंमत झाली नाही. माठातले पाणी प्यायले आणि एका पानवाल्या बाईला लोहाराचे घर विचारले.

घरापुढे निंबाखाली एक भंगारवाला आधीच तराजू लावून बसला होता. सांडश्या, हातोडे, छिन्न्या यांचा ढीग पडला होता. म्हातारी भिंतीला टेकून बघत होती. मला पाहून म्हणाली, "तू बी याच्याच संगतीची का?"

मी नुसती नकाराची मान हलवली. कशाला आले ते सांगायचे होते, पण शब्द सुचेनात. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सावलीत बोऱ्याने (पोत्याने) झाकलेला एक ठोकळा दिसला, त्यावर मी बसले. हात टेकवायला गेले तर बोऱ्याखाली लोखंडाचे शिंग लागले.

मी ऐरणीवर बसले होते. आमच्यात ऐरणीला पाय लागला तरी पाया पडतात. मी ताडकन उठले, चपला काढल्या आणि बोऱ्यावर कपाळ टेकवले. "माफ कर माय," एवढेच तोंडून निघाले.

भंगारवाला हसला. "लोखंडाच्या काय पाया पडता बाई? मी तर सकाळी तिच्यावरच बसून राह्यलो होतो."

म्हातारी मात्र उठली. "लोहाराची हाय का तू?"

"हो."

"घण मारतं?"

"हो."

"मंग इतका वेळ बोलत काऊन नाई?"

तिने स्वतः बोरा ओढून काढला. मी हातोडीने ठोकून पाहिले. नाद स्वच्छ होता, कुठे बद्द वाजली नाही. भंगारवाल्याने लगेच भाव वाढवला. म्हातारी त्याला म्हणाली, "तू बाकीचं ने. हे बुढ्याची ऐरण हाय, भट्टीजवळच गेली पाहिजे." मला तिने भंगाराच्याच भावात ऐरण दिली, वर दोन सांडश्या. गाठीतल्या पैशांत सगळे बसले आणि परतीचे भाडेही उरले. मग तिने बेसन-भाकर वाढली. निघताना एवढेच म्हणाली, "दसऱ्याले पूजा करजो."

ऐरण हलवणे माझ्या एकटीचे काम नव्हते. शेवटी भंगारवाल्यानेच कुरकुरत ती बोऱ्यात बांधून आपल्या हातगाडीवर घातली आणि थांब्यापर्यंत आणली.

कंडक्टरने बोरा उचलून पाहिला, पण तो हललाही नाही. "काय हाय बाई यात? देव घेऊन चालल्या का?"

"देवच हाय जी," मी म्हणाले. गाडीतले लोक हसले आणि दोघांनी उतरून बोरा वर चढवला. मलाही हसू आले.

वर्ध्यालाही लोकांनी ऐरण दुसऱ्या गाडीत चढवून दिली; तिथून देवळी येईपर्यंत मी बोऱ्यावर हात ठेवून गाढ झोपले. ऐरण तडकल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

हे लंगडत बंडी घेऊन थांब्यावर आले होते. भाव विचारला नाही. तिथेच बोरा सोडून दगडाने ठोकून पाहिले आणि बंडीत ऐरणीशेजारी मला बसायला जागा केली.

सकाळी भट्टी पेटवायच्या आधीच तीन शेतकरी पासा घेऊन ओट्यावर बसले होते. घर सोडताना जगात बोलल्याशिवाय काही मिळत नाही, असे मला वाटत होते; ऐरण मात्र तिच्या पाया पडल्यानेच मिळाली. मी पदर खोचला आणि घण उचलला.