चौथ्या पिस्टनची रिंग

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

उदगीरला बस स्टँडमागे महेबूब उस्तादांचं गॅरेज होतं. त्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली. इंजिन खोलायचं, धुवायचं, जोडायचं — सगळं माझ्याकडे. फक्त पिस्टनवर रिंगा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लोखंडी कड्या, उस्तादच चढवायचे. त्यात दुसऱ्याने हात घातलेला त्यांना खपत नसे. डोळे अधू झाले होते, तरी रिंगवरची बारीक खूण अंगठ्याच्या नखाने चाचपायचे. खूण वरच्या बाजूला आली, मगच रिंग खाचेत; उलटी बसली तर इंजिन तेल जाळतं. मला याचा राग यायचा. चाळिशी उलटली, केस पिकले, आणि मला साधी रिंग घालायची मुभा नाही? राग खरा होता. पण मी त्याच्याआड लपणार नाही.

दुष्काळाचं वर्ष. उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून चौकात फलक लागले होते. नळाला मात्र पाणी नव्हतं. टँकर आला की सगळी गल्ली हातातलं काम टाकून धावायची. त्या दुपारी एका निवृत्त गुरुजींच्या जुन्या टर्बो जीपचं इंजिन खोललेलं होतं. तीन पिस्टन झाले आणि टँकरचा हॉर्न वाजला. उस्ताद घागरी घेऊन गेले. चौथा पिस्टन माझ्यासमोर — मी रिंगा चढवल्या. घाईत, आणि थोड्या तोऱ्यात.

उस्ताद परतले. चौथा पिस्टन उचलून त्यांनी विचारलं, हा कधी झाला?

"तुम्हीच की उस्ताद. जाताना करून गेलात."

एवढंच बोललो मी. त्यांनी पिस्टन खाली ठेवला. मग हसले, वय झालं म्हणाले, आणि आम्ही इंजिन जोडलं.

महिन्याभरात जीप परत आली. मागे निळा धूर, आणि तेल नुसतं पीत होती. तेलाचं झाकण काढलं की आतून भपकारा यायचा. रिंगांचाच रोग — मला तेव्हाच कळलं. तरी मी काय म्हणालो? टर्बो गेला असेल, त्यानेही तेल जळतं. दोन दिवस टर्बोवर घालवले. खोलून पाहिला तर ठणठणीत. मग उस्तादांनीच प्रेशर गेज लावायला सांगितलं. चौथ्या सिलिंडरचा दाब पडलेला. आत थोडं तेल सोडलं, तेलाने रिंगेकडची फट बुजली, तसा काटा वर चढला. म्हणजे रिंगच. आता मला पळवाट उरली नव्हती.

पिस्टन बाहेर आला. उस्तादांनी नख फिरवलं. दुसरी रिंग उलटी होती, खूण खाली. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग आणखी एकदा. शब्द माझ्या ओठांवर आले होते — का नाही बोललो? भीती म्हणावी, तर तो म्हातारा माझं काय करणार होता?

गुरुजी भला माणूस. चिडले नाहीत. उस्ताद, आता आराम करा, इतकंच म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उस्तादांनी पिस्टन माझ्या हातात ठेवला.

"माझा हात गेला रे गोविंदा. आता तूच घालत जा. तुझा हात भरवशाचा हाय."

मी रिंग घातली. या वेळी बरोबर घातली.

त्यानंतरही ते रोज गॅरेजात यायचे, खुर्चीवर बसायचे, पण पान्याला हात लावत नसत. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायचे. मला ते बघवत नसे — आणि तरी मी रोज बघत होतो. वर्षभराने ते देगलूरला लेकीकडे राहायला गेले. तिथे मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेलो, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून परत आलो.

तिसऱ्यांदा गेलो ते मयतीला. त्यांच्या जावयाने हाताला धरून मला लोकांत पुढे केलं. म्हणाला, अब्बा शेवटपर्यंत याचंच नाव घेत होते — माझी चूक गोविंदानं निस्तरली, म्हणायचे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.