माहे डोये गेले!

फजिती झाली की माणूस लपवते. माझी लपणार कशी? ती मी स्वतःच सौंसरच्या भर बाजारातून बोंबलत नेली! घ्या, चहा घ्या, सांगतो.

पंच्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. माझं वेल्डिंगचं दुकान होतं. संत्र्याच्या बगीच्यांची फाटकं करायचो. उजव्या हातात वेल्डिंगचा चिमटा, डाव्या हातात डोळ्यांपुढं धरायची काळ्या काचेची पाटी. डावा हात खाली केला की उजेड! सारी जिंदगी असंच चाललं.

मग कुवेतहून माझा साळा आला, विलास. माझ्यासाठी तोंडासकट डोकं झाकणारा वेल्डिंगचा टोप घेऊन.

"भाऊजी, हा डोक्यात घालाचा. ठिणगी पडली की काच आपोआप काळी होते, थांबली की साफ."

"काहून? काचेले का अक्कल हाय?"

"समोर हे दोन बारके डोये हायेत ना, त्याईले उजेड समजते. ते झाकू नका. अन् हे बटन मधातच ठेवा. लय फिरवलं तं साध्या उन्हातही काळी होईन. काम झालं की टोप वर उचला."

आता सांगा, जावई माणूस साळ्याचं ऐकते का? तो पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसला, अन् मी बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. जास्त म्हणजे चांगलंच ना!

टोपाचा पट्टा आवळला, फाटकाला वेल्डिंगचा टाका मारला. काच काळी! काय झकास टाका बसला म्हणता! मग चिमटा ठेवला, दाराकडे वळलो. समोर भर दुपारचं ऊन. सवयीनं डावा हात खाली केला.

अंधार.

पुन्हा हात वर, पुन्हा खाली. अंधारच! मी बोंबललो.

"सुशीला! धाव वं! माहे डोये गेले!"

बायको धावत आली. "अगं बाई! टोप तं काढा!"

"हात लावू नको! ऊन लागीन डोयाले!"

शेजारच्या गुरुजींनी स्कूटर काढली. मधात मी, मागं रडणारी सुशीला. वर मान केली तं त्या काळ्या काचेतून सूर्य तेवढा हिरव्या टिकलीएवढा दिसे. म्हटलं, जाता जाता देव दर्शन देऊन राहिला.

दवाखान्यात मला हात धरून आत नेलं. आत सावली. अन् एकाएकी समोर टेबल, खुर्ची, डॉक्टर!

"दिसते! दिसते!" मी डॉक्टरांचे पायच धरले. "साहेब, देवमाणूस आहात तुम्ही!"

"अहो, मी फक्त 'या' म्हणालो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वाकून बॅटरीचा झोत तोंडावर टाकला.

"गेले! पुन्हा गेले!"

डॉक्टरांनी टोपावरचे ते दोन बारके डोळे निरखले. मग त्यांनी एका बोटानं टोप वर उचलला.

"आता?"

आता सारंच दिसत होतं. डॉक्टर, सुशीला, अन् दारात भिंतीकडे तोंड करून हसणारे गुरुजी.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांच्या मागं जे असतं, त्याची तपासणी मात्र नागपूरला होते."

सुशीलानं पदरानं डोळे पुसले अन् मनापासून विचारलं, "मंग आताच नेऊ का जी? नागपूरची बस उभीच हाय."